बेरीमाळाची मुकी चूल

बेरीमाळ चढून वर आलात की वाडीच्या आधी चूल दिसते. गुडघ्याएवढे तीन काळे धोंडे, मध्ये खड्डा, आणि सभोवार हातभर गवत उगवत नाही अशी जळकी माती. वर छप्पर नाही की शेजारी घर नाही. पाहुण्यांपैकी कुणाला ते जत्रेच्या भंडाऱ्याचं चुलवण वाटतं, तर कुणी धोंड्यावर पाय ठेवून फोटो काढायला जातं. मग वाडीतलं एखादं म्हातारं माणूस लगबगीनं येतं आणि त्यांना तिथून उठवतं. रागावत नाही, पण उठवतंच. ही देवाची चूल नाही हेही ते लगोलग सांगून टाकतं, म्हणजे उगाच कुणी नारळ फोडायला नको.

दुसरी गोष्ट धुक्याची. पावसाळ्यात वारा पडला की या माळावर धुकं बसतं, आणि एकदा बसलं की स्वतःची बोटं दिसत नाहीत. तेवढ्या वेळात बेरीमाळावर कुणी कुणाला हाक मारत नाही. आई लेकराला नाही, धनी गुराला नाही. हल्ली मोबाइलसुद्धा गप्प करून ठेवतात. शहरातल्या माणसांना याचं हसू येतं. खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या, कारण या माळावर हाकेनं माणसं मेली आहेत असं सांगतात.

किती वर्षं झाली ते विचारू नका. आज सांगणाऱ्यांच्या पणज्यालाही ही गोष्ट ऐकूनच ठाऊक होती. तेव्हा वाडीत अकरा घरं होती, सगळी गवळी धनगरांची. म्हशी राखायच्या, लोणी कढवून तूप करायचं, घागरी डोक्यावर घेऊन घाट उतरायचा आणि खालून मीठ-नाचणी घेऊन पुन्हा वर यायचं, हा त्यांचा संसार. माळाच्या मावळतीला कडा आहे, मघाशी तुम्ही जिथून वाकून खाली बघत होतात तोच. त्या कड्याखाली म्हणे सादीण राहायची. तिला कुणी पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचा आवाजही नव्हता. वाडीतून कुणी हाक मारली की ती वरच्या वर झेलायची आणि दरीतून परत फेकायची, त्याच गळ्यात, त्याच मायेनं. धुक्यात चुकलेल्या माणसाला वाटायचं, घर तिकडे आहे. तो हाकेच्या दिशेनं चालू लागायचा, आणि माळ संपायचा.

म्हशी मात्र दरवेळी घरी यायच्या. मग माणसं त्यांच्या शेपट्या धरून का आली नाहीत, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. ज्यानं म्हशी राखल्या आहेत तो विचारणार नाही. गवळ्याची खोड अशी की शेवटचं जनावर नजरेखालून गेल्याशिवाय तो रान सोडत नाही. धुकं उतरलं की तो मोजायला लागायचा, आणि धुक्यात मोजदाद कधी पुरी होते का? एक कमी भरली की कळप पुढे सोडून हा पठ्ठ्या तिला शोधायला मागे फिरायचा. ती म्हैस तोवर दुसऱ्या वाटेनं गोठ्यात पोचून रवंथ करत असायची. रानात उरायचा तो हाच.

या वाडीत भागू नावाची सून होती. तिचा नवरा बमू झोरे. हाडापेरानं मोठा, बोलायला थोडका, आणि एक उणं असलेला माणूस. लहानपणी देवी आल्या तेव्हा जीव वाचला, पण नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चांगलं सरळ होतं, फक्त त्याला वास येत नसे. दूध नासलं तरी कळायचं नाही, भाकरी करपली तरी कळायचं नाही. वाडीतले लोक त्याची टर उडवायचे. भागू नवी नवरी होती तेव्हा एकदा चुलीवर लोणी ठेवून अंगणात रमली आणि सगळं लोणी जळून कोळसा झालं. सासू धोंडाबाई खालच्या ओढ्यावर धुणं धूत होती, तिला तिथवर वास गेला आणि ती ओल्या लुगड्यानिशी बोंबलत वर आली. बमू त्याच चुलीपाशी विस्तवाला पाय शेकत बसला होता. आईनं विचारलं, "मेल्या, तुला कळलं न्हाई?" तर म्हणाला, "काय व्हतं कळायचं?"

त्या दिवशी भागूला नवऱ्याचं हसू आलं आणि वाईटही वाटलं. मग ती त्याला वास सांगू लागली. आज दही कसं लागलंय, पहिला पाऊस पडल्यावर गोठ्याला कसा वास येतो, आंब्याचा मोहोर कसा असतो. तो भाकरी मोडत ऐकत बसायचा. एकदा तिनं केसांना माका लावला होता, तर त्यानं खरंच नाक लावून पाहिलं आणि म्हणाला, "वास कळत न्हाई बग. पर तू हाईस हे कळतं." ही गोष्ट भागूनं पुढे म्हातारपणी वाडीतल्या सुनांना सांगितली, म्हणून आपल्याला ठाऊक.

बमूचा धाकटा भाऊ होता, धाकू. एका श्रावणात तो आणि लखू नावाचा गडी धुक्यात सापडले. धोंडाबाई टेकाडावर उभी राहून दिवसभर लेकाला हाका मारत राहिली. घसा फुटला तरी थांबली नाही. धुकं उठल्यावर धाकू कड्याखाली मिळाला. लखू एका झाडोऱ्यात अडकून वाचला, पाय कायमचा अधू झाला. तो म्हणाला, "धाकूची आई समोरनं बोलवत व्हती. आमी तिच्याकडंच निगालो व्हतो."

धोंडाबाईनं ते ऐकलं आणि त्यानंतर ती बोललीच नाही. एक शब्दसुद्धा नाही. आपल्याच तोंडानं लेक मारला हे तिला एकदा कळलं, आता ते तोंड पुन्हा कशाला उघडायचं? तिचं दुःख एवढं मोठं होतं की समजूत घालायला कुणी धजलं नाही.

भागूनं मात्र तेव्हापासून बमूला एक गोष्ट पढवली. रोज सकाळी घोंगडी खांद्यावर टाकताना ती म्हणायची, "धुकं आलं तर जिथं असाल तिथं बसा. कुनाचीबी हाक आली तरी हलू नगा."

"तुजी आली तरी?"

"माजी आली तर आदी नगा."

तो हसून मान हलवायचा. ऐकणारा नवरा होता. भागूच्या वाट्याला पुढे जे आलं ते त्या ऐकण्यापायीच आलं, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, पण तसंच झालं.

दोन वर्षांनी पुन्हा श्रावण आला. त्या दिवशी माळावर सात गडी गेले होते, बमू त्यांतला एक. दुपारनंतर वारा पडला आणि धुकं असं उतरलं की घरातल्या घरात माणसं एकमेकांवर आदळू लागली. धारेच्या वेळी म्हशी आल्या, सगळ्याच्या सगळ्या. सात गड्यांतला एकही आला नाही. ते रानात म्हशी शोधत होते आणि म्हशी इकडे दावणीला उभ्या होत्या.

बायका, म्हातारे टेकाडाकडे निघाले. हाका मारायलाच. हाकेनं काय होतं ते लखूनं सांगून ठेवलं होतं, धाकूची चिता सगळ्यांनी पाहिली होती, तरी निघाले. वाडीचा म्होरक्या कोंडू येडगे, त्याचा थोरला मुलगा त्या सातांत होता. तो म्हणाला, "मग काय करायचं? गप बसून ऱ्हायाचं?" त्याचं तरी काय चुकलं? आपलं माणूस रानात असताना नुसतं बसून राहणं कुणाला जमतं?

भागू तेव्हा गोठ्यात होती. तिची एक म्हैस, चांदी तिचं नाव, सगळ्यांत शेवटी आली. दोन हातांवरचं दिसत नव्हतं, पण ती नाक पुढे काढून फुरफुरत आली आणि दहा पारडांमधून नेमकी आपल्या पारडापाशी जाऊन उभी राहिली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. सादीण हिला का फसवत नाही, असं भागूच्या मनात आलं, आणि उत्तर तिच्या डोळ्यांसमोरच फुरफुरत होतं. म्हैस कानानं आलीच नव्हती. सादिणीला हाक फेकता येत होती, वास फेकता येत नव्हता.

मग तिला ते करपलेलं लोणी आठवलं, ओढ्यापर्यंत गेलेलं.

तिनं घरातली लोण्याची मडकी उचलली. अख्ख्या पावसाळ्याचं लोणी होतं, पोळ्यानंतर घाट उतरायचं. वाडीच्या बाहेर मोकळ्यावर तिनं तीन धोंडे लोटले, कोरडी लाकडं पदराखाली झाकून आणली, मोठी कढई चढवली आणि त्यात लोणी ओतून ते उकळू दिलं. उकळलं, तूप झालं, तळाची बेरी लाल झाली, तरी तिनं खाली उतरवलं नाही. बेरी काळी पडली. धूर निघाला. असा करपट वास सुटला की टेकाडाकडे निघालेली माणसं वाटेतून माघारी आली.

कोंडू येडगे ओरडला, "लोनी जाळतीस? लक्ष्मी जाळतीस, पोरी?"

भागूनं तोंडावर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "आजा, लक्ष्मी परत यील. आता कुनीबी हाक मारू नगा. मानसं नाकानं येतील."

कुणाला पटलं, कुणाला नाही. गवळ्याच्या घरात लोणी जळणं म्हणजे अवलक्षण, जाणूनबुजून जाळणं तर पापच. सगळे घुटमळत उभे राहिले. तेवढ्यात धोंडाबाई घरातून आली. काखेत मागे उरलेलं शेवटचं लोण्याचं मडकं होतं. तिनं ते कढईत पालथं केलं आणि लाकडं सारायला भागूशेजारी बसली. ते पाहून लखूची आई गेली आणि आपलं मडकं घेऊन आली. मग एकेक करून अकराही घरांतलं लोणी आलं.

बसल्यावर धोंडाबाईनं सुनेकडे पाहिलं. सहा जणांना वास येणार होता. सातव्याला येणार नव्हता. हे त्या दोघींनाच सुचलं होतं, बाकीच्यांच्या ध्यानातही नव्हतं. भागूला तर पहिलं मडकं उचलतानाच ठाऊक होतं. आपल्या नवऱ्याला घरी आणील असं तिच्यापाशी एकच साधन होतं, तिचा गळा, आणि तो उघडला तर बाकीचे सहा जण कड्याकडे वळणार होते. बमू स्वतःही वळला असता. नाही वळला तरी जागचा हलला नसता, तसं तिनंच पढवलं होतं. म्हणून तिनं दात घट्ट आवळले आणि कालथ्यानं बेरी खरवडत राहिली. सासूनं सुनेच्या मांडीवर हात ठेवला, तो मग काढला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पहिला गडी आला, कोंडू येडग्याचाच मुलगा. धुक्यातून नाक वर करून, आंधळ्यासारखा हात पुढे करून चालत आला आणि पायाला चुलीची धग लागल्यावरच थांबला. त्याची आई किंचाळणार होती. शेजारच्या बाईनं तिच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. माय-लेक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, आवाज न काढता. दुपारपर्यंत आणखी दोघे आले. एक जण कड्याच्या अगदी तोंडाशी पोचला होता, तिथं त्याला मागून करपलेल्या लोण्याचा वास आला आणि तो वळला. संध्याकाळी दोघे आले. प्रत्येक वेळी धुक्यात सावली हलली की भागू अर्धी उठायची, चेहरा दिसला की खाली बसायची आणि कढईत लोणी घालायची.

सहावा तिसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याला वाडीनं कुशीत घेतलं, आणि मग कुणीतरी विचारलं, "बमू कुठं हाय?"

तेव्हा साऱ्यांना उमगलं. कोंडू येडगे भागूजवळ आला. म्हणाला, "भागे, त्याला तर वासच येत न्हाई." ती म्हणाली, "ठावं हाय." एवढंच म्हणाली. सहा घरांतली माणसं तिच्याकडे बघत उभी राहिली. त्यांना तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि तोंड दाखवायची लाजही वाटत होती.

शोधायला कुणी गेलं नाही. जाणार कुठे? बमू म्हशी चारायला लांबच्या चरणीकडे गेला होता, तो तिकडेच कुठे तरी बसला असेल, असंच सगळ्यांनी धरलं. भागूनंही तेच धरलं. घोंगडी आहे अंगावर, शहाणा माणूस आहे, बसून राहील, धुकं उठलं की येईल. ती स्वतःशी हे मनातल्या मनात म्हणत होती, आणि चुलीत लाकूड सारत होती. आता जाळण्यात काही अर्थ उरला नव्हता, तरी जाळत होती.

दुपारी वारा सुटला. धुकं फाटलं. आधी टेकाड दिसलं, मग ओढ्याकाठची झाडं, आणि मग चुलीपासून चाळीस पावलांवरचा एक खडक. त्या खडकाला टेकून बमू बसला होता. गुडघे पोटाशी, घोंगडी डोक्यावरून, पाठ चुलीकडे. लांबच्या चरणीवरून तो चाचपडत जवळजवळ घरापर्यंत आला होता, आणि इथं कुठे तरी त्याला वाटलं असेल की आता काही सुधरत नाही, भागूनं सांगितलंय तसं बसावं. जवळजवळ दोन दिवस पावसात आणि गारठ्यात तो बसून होता. अंग केव्हाचं थंड झालेलं.

चाळीस पावलं. चुलीपाशी साधं बोललं असतं तरी ऐकू गेलं असतं. भागू धावली नाही, चालत गेली. त्याच्यासमोर बसली आणि घोंगडी बाजूला करून तिनं त्याच्या छातीवर तोंड ठेवलं. त्याच्या घोंगडीला, मुंडाशाला, दाढीला, सगळ्या अंगाला करपलेल्या लोण्याचा वास भरून राहिला होता. दोन दिवस ती त्याला बोलावत होती आणि ते बोलावणं त्याच्या अंगावर साचत गेलं होतं. तेव्हा ती जी रडली, तसं रडणं या माळानं त्याआधी ऐकलं नव्हतं म्हणतात. रडता रडता एकच बोलत होती, "बसा म्हनलं व्हतं म्या. बसलं की ओ."

धोंडाबाई तिच्यामागे येऊन उभी होती. दोन वर्षांनी तिनं तोंड उघडलं. म्हणाली, "ऊट, भागे. तू मारला न्हाईस." आपल्याला जे कुणी म्हणालं नव्हतं, ते तिनं सुनेला म्हटलं.

त्या सालानंतर बेरीमाळावरून कुणी कड्याखाली गेलं नाही. धुकं बसलं की चूल पेटायची, लोणी जळायचं, माणसं नाक वर करून घरी यायची. सादीण म्हणे हाकेची वाट बघून बघून निघून गेली. घाटाखालच्या गावच्या पाटलांनी भागूला साडीचोळी द्यायचं ठरवलं होतं, तिनं घेतली नाही. तिला लोकांचे उपकार नको होते, तिला ती चाळीस पावलं हवी होती.

पुढच्या श्रावणात पहिलं धुकं उतरलं तेव्हा चुलीपाशी दुसऱ्या बायका बसल्या. भागूनं गोठ्यातली म्हशींची दावी सोडली. सगळी दावी एकमेकांना गाठी मारून जोडली, एक टोक चुलीच्या धोंड्याला बांधलं आणि दुसरं डाव्या मुठीत धरून ती धुक्यात शिरली. चाळीस पावलांवर दावं ताणलं गेलं तिथं थांबली आणि मग उजवा हात पुढे करून, चाचपत, चुलीभोवती फिरू लागली. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. त्या दिवशी वाडीतला एकही माणूस रानात नव्हता, सगळे घरात होते. कोंडू येडगे तिला आणायला निघाला तर धोंडाबाईनं त्याला अडवलं. म्हणाली, "फिरू दे. ज्याला वास येत न्हाई त्याच्यासाटी फिरती ती."

साधी दावी होती. ज्यांना रोज हात लागतो, जी गोठ्यात पायात येतात, तीच. सहावा गडी आला त्या सकाळी ती जोडायचं कुणाला सुचलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. सुचलं नाही. भागू पुढे चाळीस वर्षं जगली आणि प्रत्येक धुक्यात फिरली. तिच्या हाताला कधी कुणी लागलं नाही.

आजही बेरीमाळावर धुकं बसलं की एक बाई दाव्याचं टोक धरून चुलीभोवती फिरते. कधी या घरातली, कधी त्या घरातली. रानात आता कुणी चुकत नाही, खाली रस्ता झाला आहे, म्हशीही थोड्याच उरल्या आहेत. निघण्यापूर्वी वाडीतली माणसं मोजतात, सगळी घरात असतात. तरी ती फिरते, धुकं उठेपर्यंत, मोकळा हात पुढे धरून.